माझ्या तोंडून बोललेले अर्थमंत्री

मिझुनो-सानची ई-मेल आली तेव्हा मी लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात दुपारचा डबा उघडत होते. कुराहाशी सेन्सेई गेले, झोपेतच गेले, घरचे सगळे जवळ होते, असं त्यांनी जपानी रिवाजाप्रमाणे अतिशय मऊ शब्दांत लिहिलं होतं. सेन्सेई म्हणजे गुरुजी, जपानात पुढाऱ्यांनाही असंच म्हणतात; आणि मिझुनो-सान म्हणजे सेन्सेईंचे सेक्रेटरी, आयुष्यभराचे. मजकुराच्या शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, छोटी विनंती होती. निधनाची बातमी ब्रिटनमधल्या परिचितांना कळवायची आहे, तर तिचं इंग्रजी मी करून देईन का? मी डबा बंद केला. राग आला होता, आणि तो आला याचं मला बरंही वाटलं, कारण इतक्या वर्षांत तो विझला असेल अशी माझी समजूत होती. समोर बसणाऱ्या हरप्रीतनं विचारलं, “ऑल ओके?” म्हटलं, एक जुने ओळखीचे वारले. “सॉरी फॉर युअर लॉस. क्लोज होते?” मी जरा विचार केला आणि म्हटलं, “त्यांच्या तोंडातले शब्द माझ्या तोंडात असायचे, इतके क्लोज.” ती म्हणाली, “प्रज्ञा, मी जेवतेय.”

इंग्रजी मी करून दिलं. एकही शब्द कमी-जास्त केला नाही. चूक निघाली असती तर ती कुणाच्या नावावर गेली असती, हे मला चांगलं माहीत होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. जपानी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर मोठे लेख छापले. युद्धानंतर उभ्या राहिलेल्या जपानचे एक शिल्पकार, तिजोरीचे कडक राखणदार, बर्फाळ प्रांताचे सुपुत्र, असं सगळं त्यांत आहे. ग्लासगोच्या ज्या विद्यापीठात ते मानद पाहुणे म्हणून यायचे, तिथल्या विभागानंही त्यांच्या वेबपेजसाठी माझ्याकडे चार वाक्यं मागितली. मी लिहिली, पुसली, परत लिहिली, परत पुसली. गेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे चांगलंच लिहितात. पुरवणीतले तसे लेख मीही आवडीनं वाचत मोठी झाले. हा लेख तसा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मेहकरची. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, आई काजं-बटणं करायची. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडमनी स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः भरला म्हणून मी पुण्यापर्यंत पोहोचले, तिथे अर्थशास्त्राबरोबर संध्याकाळी जपानी शिकले, एक वर्ष जपानला राहून आले आणि मग ग्लासगोला मास्टर्ससाठी गेले. प्रत्येक पायरीवर कुणीतरी हात दिला आहे आणि त्या प्रत्येकाचं नाव मला पाठ आहे. उपकार विसरायचे नाहीत, हे आमच्या घरात जेवणाआधी हात धुण्याइतकं पक्कं होतं. तसा दुसरा नियम एकच होता. बाबांच्या कापड कापायच्या कैचीला हात लावायचा नाही. चौथीत मी त्या कैचीनं शाळेच्या तक्त्यासाठी पुठ्ठा कापला होता. कागदानं तिची धार जाते. बाबा मला ओरडले ते तेवढ्या एकदाच, आणि पुढे ती कैची ते उशाशी घेऊन झोपत.

मास्टर्स संपल्यावर विभागानं मला अर्धवेळ कामावर ठेवलं. विभागप्रमुख मोराग, उंच, मोठ्यानं हसणारी स्कॉटिश बाई. ती म्हणाली, “जपानचे माजी अर्थमंत्री दर ऑटमला आपल्याकडे येणार आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येतं, बोलायचं नाहीये. तू त्यांची दुभाषी आणि मदतनीस. नीट झालं तर पुढे तुझ्या पीएचडीच्या फंडिंगचं मी बघते, हेन.” हेन म्हणजे ग्लासगोच्या बायका आपल्या माणसाला लाडानं म्हणतात ते. अर्थमंत्री हा शब्द ऐकून मी बाबांना दुकानात फोन केला. त्यांनी मशीन थांबवून विचारलं, “आपल्या अर्थमंत्र्यासारखे? बजेट मांडनारे?” मी म्हटलं, हो, तेच काम, देश वेगळा. बाबा गिऱ्हाइकाला सांगताना मला ऐकू आलं, “पोरगी आता मंत्र्यासंग बसते.”

पहिल्या दिवशी मी विभागाच्या दाराशी आतून वाट पाहत होते. काचेपलीकडे पावसात एक ठेंगणा, ताठ, सुंदर राखाडी कोट घातलेला म्हातारा माणूस दारासमोर स्वस्थ उभा होता. छत्री नव्हती. मला वाटलं, वाट चुकलेत. ते चुकले नव्हते. दार कुणीतरी उघडेल याची ते वाट पाहत होते. मागून मिझुनो-सान बॅगा घेऊन धावत आले आणि त्यांनी ते उघडलं. सेन्सेई भिजलेल्या कोटानं आत आले आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं मला नमस्कार केला. पुढच्या तीन ऑटममध्ये मी त्यांना एकदाही दाराला हात लावताना पाहिलं नाही. सुपरमार्केटचं आपोआप सरकणारं दार मात्र त्यांना फार आवडायचं. ब्रिटनमधली सर्वांत सुसंस्कृत वस्तू, असं ते त्याला म्हणायचे, आणि लोक हसायचे. हसवायची कला त्यांच्याकडे होती, ते मान्य करायला हवं.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ते मला ‘त्सूयाकु-सान’ म्हणत, म्हणजे दुभाषीबाई. जपानात असं हुद्द्यानं हाक मारणं उद्धटपणाचं नाही, आणि प्रज्ञा हे नाव त्यांच्या जिभेला खरंच कठीण होतं. पण मिझुनो-सानना ते यायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी चहाच्या कपाशी बसून ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं आणि नंतर कधी चुकले नाहीत.

दुभाषाच्या कामाचा एक नियम वाचकांना सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ असं मध्ये घालायचं नाही. आपण नाहीच, असं समजून बोलायचं. म्हणून सेन्सेई म्हणाले, मी बर्फात वाढलो, की मी माईकवर सांगायचे, मी बर्फात वाढले... नाही, वाढलो, इंग्रजीत हा घोळ नाही एवढं बरं. “मला सात नातवंडं आहेत,” असं पंचविशीतली मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की सभागृह हसायचं. सेन्सेईही हसायचे. मला तो नियम आवडायचा. मेहकरच्या शिंप्याची मुलगी आणि तोंडून जपानचा अर्थमंत्री बोलतोय... मला त्यात मान वाटायचा.

दुपारी त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं इंग्रजी चालायचं. ते सांगत, मी लिहीत असे. त्यांची कारकीर्द मी अशी त्यांच्या तोंडून, वाक्यावाक्यानं ऐकली आहे. तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, युद्ध संपलं तेव्हा शाळकरी. तांदळाच्या दुकानात राहून रताळ्याच्या वेलांची भाजी खाल्ली, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. मग राजधानीतलं मोठं विद्यापीठ, मग अर्थखातं, तिथला बजेटचा विभाग. बजेटच्या दिवसांत सगळ्या खात्यांचे अधिकारी यांच्या टेबलाशी रांगेत उभे राहत आणि हा तिशीचा माणूस पेन्सिलीनं एकेक रक्कम खोडत असे. तिथली एक पद्धत त्यांनी मला फार कौतुकानं समजावली. आधी मागण्या मुद्दाम कापायच्या. मग शेवटच्या रात्री सत्तेतल्या पुढाऱ्यांनी येऊन, हात जोडून, भांडून त्यातल्या काही परत मिळवायच्या. काय परत द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. पुढारी आपल्या गावी जाऊन सांगतो, मी लढून आणलं. “कापणारा लागतो आणि आणणाराही लागतो,” ते म्हणाले. “मी दोन्ही होतो.” आणि खरंच होते. अधिकारी असताना आपल्याच प्रांताच्या बर्फ हटवण्याच्या खर्चावर त्यांनी पेन्सिल फिरवली होती. पुढे सासऱ्यांची जागा घेऊन खासदार झाल्यावर तोच खर्च त्यांनी मिळवून दिला आणि त्यासाठी स्टेशनसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. मी विचारलं, “मधल्या वर्षांत बर्फ कुणी काढला?” ते म्हणाले, “छान प्रश्न आहे, त्सूयाकु-सान. पण पुस्तकात नको.”

बोगदा त्यांनी आणला, जलद रेल्वे आणली, मतदारसंघातल्या प्रत्येक मयताला फुलांचं चक्र पाठवलं. त्यांच्या समर्थकांच्या मंडळाला कुणाकडे कोण आजारी आहे हे घरच्यांच्या आधी कळायचं. मग ते अर्थमंत्री झाले, आणि नेमके त्याच काळात जपानात जमिनींचे भाव वेड लागल्यासारखे चढत होते. संसदेत त्यांना विचारलं गेलं, हे कुठवर चालणार? त्यांनी उत्तर दिलं की आपल्या देशात जमीन थोडी आहे आणि माणसं कष्टाळू आहेत, त्यामुळे ती कधी उतरणार नाही. ती उतरली. किती घरं, किती दुकानं, किती आयुष्यं तिच्याखाली गेली ते मला, अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला, कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती, पण पुस्तकाच्या त्या प्रकरणात ते मला ‘कठीण काळ’ एवढंच लिहायला सांगत.

आणि मग ती शेअर्सची भानगड. एका बांधकाम कंपनीचे शेअर्स बाजारात येण्याआधीच मंत्र्यांच्या माणसांना स्वस्तात मिळाले होते. सेन्सेईंनी पत्रकारांपुढे डोळे पुसून सांगितलं, मला काही माहीत नव्हतं, सगळं सेक्रेटरीनं केलं. तो सेक्रेटरी म्हणजे मिझुनो-सान. मिझुनो-साननी कोर्टात मान्य केलं आणि शिक्षा घेतली. सेन्सेईंनी राजीनामा दिला, पुढची निवडणूक लढवली, मोठ्या फरकानं जिंकले आणि म्हणाले, आता मिसोगी झालं. देवळात जाण्याआधी थंड पाण्यानं अंग शुद्ध करतात त्याला मिसोगी म्हणतात. तिथले पुढारी निवडून आले की हा शब्द वापरतात. निवडून आलं की मळ गेला. मिझुनो-सान त्या निवडणुकीत प्रचाराच्या गाडीवर होते.

हे मला मिझुनो-साननीच सांगितलं, कॉरिडॉरमध्ये, सेन्सेईंची बॅग मांडीवर घेऊन. मी विचारलं, “तुम्ही केलं होतं?” ते म्हणाले, “प्रज्ञा-सान, मला तेव्हा शेअर आणि बाँड यांतला फरकही कळत नव्हता. कोर्टात वकिलानं समजावला.” आणि ते इतके मनापासून हसले की मीही हसले. राग नाही का येत, असं विचारल्यावर म्हणाले, “सेन्सेईंनी माझ्या दोन्ही मुलींची लग्नं लावली.”

त्यांची चांगली बाजू लिहायची तर लिहिते. संत्र्याचं साल ते एका अखंड पट्टीत काढायचे. वयाच्या ऐंशीनंतरही बजेटमधली जुनी कलमं त्यांना क्रमानं पाठ होती. माझं आदरार्थी जपानी त्यांनी घासूनपुसून सरळ केलं, आजही टोकियोहून फोन करणारे गिऱ्हाईक मला विचारतात की हे कुठे शिकलात. जेवणांच्या वेळी ते माझी ओळख ‘बुद्धाच्या देशातून आलेली’ अशी करून द्यायचे. माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, आमच्या घरात त्रिशरण म्हटल्याशिवाय दिवा लागत नाही, हे मी त्यांना एकदा उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “वा. मला म्हणून दाखवा.” मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडल्यावर विचारलं, “आणि त्याआधी तुमचं घराणं काय करायचं?” मी सांगितलं. ते “असं का” म्हणाले आणि सूपकडे वळले. त्यानंतर माझी ओळख करून देताना बुद्धाचा देश आला नाही. नुसतं ‘आमच्या दुभाषीबाई’. मी तेव्हा मनाची समजूत घातली की ते थकले असतील.

तिसऱ्या ऑटममध्ये त्यांचं जाहीर व्याख्यान ठरलं. मोठं सभागृह, बाहेरच्या विद्यापीठांतले लोक, विभागाचा फोटोग्राफर. मोरागनं माझ्या पीएचडीच्या फंडिंगचा अर्ज समितीपुढे ठेवला होता. समितीतले दोघं पहिल्या रांगेत बसणार होते. “तू बोलतेस कशी ते त्यांना ऐकू दे,” ती म्हणाली. “त्यानंतर मला काही बोलावं लागणार नाही, हेन.”

सेन्सेई चांगलं बोलले. रताळ्याचे वेल आले, बर्फ आला, सरकतं दारही आलं. मग लिहून आणलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं आणि ऐनवेळी एक वाक्य घातलं. “जमिनीचे भाव चढत असताना मी मंत्रिमंडळाला इशारा दिला होता. कुणी ऐकलं नाही.” साधं, सोपं वाक्य. जपानीत त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. मी जसंच्या तसं सांगितलं. सभागृहात आदराची शांतता पसरली.

प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक म्हातारे स्कॉटिश अर्थतज्ज्ञ उठले. त्यांनी वर्षानुवर्षं जपानचा अभ्यास केला होता, भाषा येत नव्हती पण संसदेतल्या उत्तरांची भाषांतरं त्यांच्याकडे होती. अगदी सौम्यपणे त्यांनी विचारलं, “सर, त्याच काळात तुम्ही संसदेत म्हणालात की जमीन कधी उतरणार नाही. मग हा इशारा तुम्ही कधी दिलात?” मी प्रश्न जपानीत सांगितला. सेन्सेईंनी मान हलवली, हसले, खुर्चीतून सावकाश उठले. आणि शांत, गोड, आजोबांच्या आवाजात म्हणाले... मी ते ऐकत होते आणि ऐकतानाच इंग्रजी वाक्य डोक्यात जुळत होतं, कारण सवयीनं ते जुळतंच. ते म्हणाले, मी इशारा दिला असं मी म्हणालोच नाही. इशारा द्यायला हवा होता, असं म्हणालो. माझी दुभाषी तरुण आहे, तिची चूक झाली. तिच्या वतीनं मी आपणा सर्वांची माफी मागतो.

आणि ते कमरेत वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

आता बोलायची पाळी माझी होती. माईक माझ्यापुढे होता. मी बोलले. “माझी दुभाषी तरुण आहे. तिची चूक झाली. तिच्या वतीनं मी आपणा सर्वांची माफी मागतो.” माझ्याच तोंडानं, माझ्याच आवाजात, स्पष्ट उच्चारांत. शिकवलेला नियम पाळून, आपण नाहीच असं समजून. क्षणभर कुणाला कळेना की कोण कुणाविषयी बोलतंय. मग लोक हसले, प्रेमानंच हसले, आणि एवढा मोठा माणूस एका पोरीसाठी वाकला म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरचा फ्लॅश त्याआधीच, मी बोलत असतानाच, उडाला होता. म्हातारे अर्थतज्ज्ञ थँक्यू म्हणून खाली बसले. त्यांचा प्रश्न तिथेच संपला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मिझुनो-सान उभे होते. सभागृहात दोन्ही भाषा समजणारा माझ्याशिवाय तेवढा एकच माणूस होता; इंग्रजी लिहिता येत नसलं तरी त्यांना ऐकून कळायचं. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली गोड वडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “प्रज्ञा-सान, आता तुम्हीही आमच्यातल्या झालात.” ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरोखर तसं वाटत होतं, आणि मला वाटतं, थोडा आनंदही झाला होता. मी म्हटलं, “तुम्ही मोरागला सांगाल का, ते काय बोलले ते?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना सेन्सेईंचा कोट जाळायला सांगितला होता.

मी स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी, मोरागच्या खोलीत. तिनं रेकॉर्डिंग मागवलं. रेकॉर्डिंग माझ्या माईकचं होतं. सेन्सेई माईकशिवाय बोलत होते, त्यामुळे त्यांचा आवाज भिंतीपलीकडच्या माणसासारखा, नुसता गुणगुणता. माझं इंग्रजी मात्र लख्ख. माझ्याच आवाजात माझा कबुलीजबाब. मोरागनं ते दोनदा ऐकलं. मग म्हणाली, “हेन, असं सगळ्यांचंच होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.” समितीनं कळवलं की उमेदवाराची भाषेवरची पकड अजून पक्की व्हायला हवी, पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करावा. पुढच्या वर्षापर्यंत व्हिसा नव्हता. मोरागच्या खोलीतून निघून त्याच दिवशी मी सेन्सेईंना भेटायला गेले होते, तर ते संत्रं सोलत होते. मला समोर बसवून अर्धं दिलं. म्हणाले, “तुम्ही फार छान सांभाळलंत काल, त्सूयाकु-सान. चेहरा अजिबात हलला नाही.” ते माझं कौतुक करत होते. माफी मागणं त्यांच्या दृष्टीनं कालच झालं होतं, सगळ्यांसमोर, माझ्या वतीनं. मी ते संत्रं टेबलावर ठेवलं आणि निघाले. दाराशी पोहोचल्यावर मागून आवाज आला, “दार उघडं राहू द्या, मला निघायचंय.” मी ते लावून घेतलं. एवढंच माझ्या हातून झालं.

ग्लासगो सुटलं. स्लाऊच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीला जपानी येणारं माणूस हवं होतं, तिथे लागले, व्हिसाही त्यांनीच केला. काम वाईट नाही. माणसं चांगली आहेत. पण मी अर्थशास्त्रज्ञ होणार होते, आणि झाले नाही. सेन्सेईंचं पुस्तक दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केलं. त्यात इशाऱ्याचं वाक्य आहे. ‘मी इशारा दिला होता’ असंच आहे. ते वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये होते आणि मला हसू आलं. इतक्या वर्षांनी त्यांनी माझं भाषांतर बरोबर असल्याचं छापून दिलं होतं.

राहिला तो फोटो. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी विभागानं तो वेबपेजवर टाकला आणि माझ्या भावानं तो तिथून घेऊन, मोठा करून, फ्रेम करून बाबांच्या दुकानात मशीनच्या वर लावला. मला कळलं तेव्हा खिळा ठोकून झाला होता. फोटोत मी माईकशी उभी आहे, तोंड उघडं, मधल्या वाक्यात. माझ्या थोडे पुढे, अर्धे माझ्या बाजूला, अर्धे माझ्यावर, कुराहाशी सेन्सेई कमरेतून वाकलेले. बाबांना जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं. माझी मुलगी बोलतेय आणि जपानचा अर्थमंत्री तिच्यापुढे झुकलाय. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाया, शाळेचे मास्तर, नगरपरिषदेचे लोक, सगळ्यांना बाबांनी ते दाखवलं. मुलीला शिकवू की नको म्हणणाऱ्यांना तर हात धरून आणून दाखवलं. त्या फोटोखाली बसून दोन-तीन बापांनी आपल्या मुली पुण्याला पाठवल्या, असं आई सांगते. मी काय सांगणार होते? दरवेळी गावी गेले की त्या फोटोकडे पाठ करून बसायचे.

मिझुनो-सानची मेल आली त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. बोलता बोलता मी सांगून गेले की ते मंत्री वारले. बाबांनी विचारलं, “कवा?” मग म्हणाले, “मोठा मानूस होता बाई. फोटोले हार घालाव का?” तेच पुढे म्हणाले, “पन त्यात तू बी हायस. जित्या मानसाच्या फोटोले हार कसा घालाव? तुह्या मायनं तर मले घरातच घेतलं नसतं. इचार करून सांग.”

मी विचार केला. हा लेख मला लिहायचा होता आणि बाबा रविवारची पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांना हे छापलेल्या कागदातून कळू द्यायचं नव्हतं. पण तो फोटो काढून घेतला की त्यांच्याकडे माझं दुसरं काय राहतं... पीएचडी नाही, प्रोफेसर नाही. कंटेनरची कागदपत्रं करणारी मुलगी, ती मेहकरलाही झाली असती. काही दिवस मी फोन टाळला. मग एका रविवारी सकाळी, दुकान बंद असतं तेव्हा, लावला आणि सगळं सांगितलं. शेअर्स, मिझुनो-सान, प्रश्न विचारणारे म्हातारे, आणि शेवटी त्या फोटोत माझ्या उघड्या तोंडात कोणतं वाक्य आहे ते.

बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, “मंग तो वाकला कोनापुढं?”

“लोकांपुढे. मी चुकले म्हणून.”

“आन् तू चुकली नव्हती.”

“नाही, बाबा.”

मग म्हणाले, “हार तं आनला होता मी. दोन दिवस झाले, पान्यात ठेवलाय.” मी म्हटलं, बुद्धाच्या मूर्तीला घाला. ते “हो” म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईनं जेवलीस का विचारलं. बाकी काही नाही.

पुढचं आईनं दोन दिवसांनी सांगितलं. बाबा त्याच दुपारी दुकान उघडून बसले. फोटो उतरवला, मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली. आईला वाटलं, पुसायला घेतलाय. मग त्यांनी उशाशी ठेवायची ती कापडाची कैची काढली. “अहो, कागदाले?” असं आई म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. कापड कापतात तसं, बोटानं आधी रेघ पाहून, एका दमात कापलं. सेन्सेईंचा अर्धा भाग बंबात गेला. माझा अर्धा त्यांनी परत काचेखाली घातला आणि त्याच खिळ्याला लावला. कैची दुसऱ्या दिवशी धार लावायला दिली.

भावानं मला त्याचा फोटो पाठवलाय. बाबांनी खूप जपून कापलंय, माझ्या कोटाची कड कुठेही तुटू दिलेली नाही. पण सेन्सेई माझ्या पुढे उभे होते, आणि माझा हात ठेवायचा तर त्यांचा एक खांदा ठेवावा लागला. राखाडी, सुंदर शिवलेला खांदा, वाकलेला. बाबा म्हणतात, तेवढा निघत नाही, काढायला गेलो तं तुहा हात जाते. शिलाई चांगली आहे, असंही म्हणाले. गिऱ्हाईक विचारतात, हे कोण? बाबा सांगतात, “कोनी नाही. पोरगी बोलून राहिली, ते पाहा.”